बाबांची भादव्यातली सर्दी

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर बाबांच्या शिंका मोजायच्या सोडून दिल्या मी. आई मागून म्हणाली, "महालक्ष्म्या आल्या की ह्यांची सर्दी आलीच." आई, निदान तूच केलंस बघ. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत निघून जाते. बाबांचं पोळ्याला सुरू होतं ते दसऱ्यापर्यंत चालतं. ताप नाही, नुसतं पाणी गळतं, डोळे अन् टाळू खाजते. हा परागकणांचा त्रास आहे.

त्यासाठी दारातली जास्वंद तोडायला निघू नका. तिचे पराग जड अन् चिकट, ते किड्यांच्या अंगावरून जातात. नाकात शिरतात ते वाऱ्यावर उडणारे, डोळ्यांना न दिसणारे. या दिवसांत गवतं फुलोऱ्यात असतात अन् परभणीत जिकडं मोकळी जागा तिकडं गाजर गवत. ते 1955 च्या सुमारास पहिल्यांदा पुण्यात नजरेस पडलं. परदेशी गव्हाबरोबर आलं असं मानतात. एका झाडाला हजारोंनी बिया, मग आपल्या गल्लीत ते कसं नसेल! बाबांच्या हातांना सुटणारी खाजही बहुतेक त्याचीच.

बाबा म्हणणार, "उभा जन्म शेतात गेला, आता कुठली ॲलर्जी?" बाबा, ती कोणत्याही वयात सुरू होते. वर्षानुवर्षं संपर्क आल्यावरही शरीर बिथरू शकतं.

माझा खरा राग त्या मेडिकलवरून आणलेल्या सर्दीच्या गोळ्यांवर आहे. तसल्या गोळ्यांत बहुतेक दोन औषधं असतात. एकानं गुंगी येते अन् प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते. दुसरं नाक मोकळं करतं, पण बीपी वाढवतं. तुम्हाला तर दोन्ही दुखणी! रात्री उठून बसता ते उगीच नाही. नाक मोकळं करायचे थेंबही चार-पाच दिवसांच्या वर घालायचे नसतात. नाक उलट जास्त चोंदतं. रोज घ्यायचा स्टेरॉइडचा फवारा वेगळा. तो नाकापुरताच काम करतो अन् त्याची सवय लागत नाही, पण गुण यायला काही दिवस लागतात. तो डॉक्टरांनाच विचारून घ्या.

फिरणं सोडा असं म्हणत नाही मी, तुम्ही ऐकणारही नाही. कोरडं अन् वाऱ्याचं असेल त्या दिवशी मात्र विद्यापीठाकडचा रस्ता नको. पाऊस पडून गेल्यावर खुशाल जा. तोंडाला रुमाल बांधा, आल्यावर आंघोळ करा. आई, ह्यांचे कपडे या दिवसांत घरातच वाळव. अन् गवत उपटायचं तर फुलायच्या आधी, दुसऱ्या कुणाकडून, हातमोजे घालून. बाबांनी त्याला हात लावायचा नाही.

शनिवारी येते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. डब्यातल्या सगळ्या गोळ्या, रिकामी पाकिटंसुद्धा, पिशवीत भरून ठेव. बाबांना विचारत बसू नकोस.

तुमची,
लेक