बाबा, यंदा तुम्ही वर थांबा

पुणे,
रविवार, रात्री

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही "बरं" म्हणालात आणि ठेवून दिलात. तुमचं ते "बरं" मी दुसरीपासून ओळखते. प्रगतिपुस्तकावर सही करताना असायचं तेच. म्हणून लिहायला बसले. परत फोन केला असता तर माझा आवाज चढला असता, आणि आई "गप बसा की दोघंही" म्हणत फोन आत घेऊन गेली असती.

आधी ठरलेलं सांगते. नाताळच्या सुट्टीत आम्ही येतोय आणि २६ तारखेला गोकाकजवळच्या गोडचिनमलकी धबधब्याला जायचं, हे पक्कं. दादाने गाडी सांगितली आहे. तुम्ही दोघं बरोबर येणार, हेही पक्कं. फक्त दरीत उतरणार ते मी, दादा, वहिनी आणि मुलं. तुम्ही आईजवळ वर थांबायचं. मुलांनाही तसं सांगून झालंय. त्यामुळे आयत्या वेळी नातवाला फितवून बूट घालून उभे राहू नका. तुमचा तो बेत दादाच्या कानावर आलाय.

ती दरी तुमची आहे, मला ठाऊक आहे. मी नऊ वर्षांची होते. लाल एसटी, मग योगीकोळ्ळ, निर्वाणेश्वराच्या मठापासून जंगलातली पायवाट. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे, हा तुमचा नियम. त्यामुळे मी पुढे, आणि मला वाटायचं मीच सगळ्यांना वाट दाखवतेय. पुढे किती वर्षांनी कळलं मला ते! खाली एका खडकावर तुम्ही माझा तळवा धरून ठेवलात. नुसत्या लाटा होत्या त्यावर, पाण्याखालच्या वाळूवर उठतात तशा. "ही वाळूच आहे, फक्त दगड झालीय. हिच्यावरून पाणी गेलं तेव्हा आपल्या सह्याद्रीचा काळा दगड जन्मलाही नव्हता." मी विचारलं, म्हणजे आजोबांच्या आधी? तुम्ही हसला नाहीत. "हो, जरा आधी," म्हणालात.

आणि पाण्याचं. बेळगावात नळाला राकसकोप धरणाचं पाणी येतं, ते ह्याच मार्कंडेय नदीचं. बैलूरच्या डोंगरात निघते, आपल्याला पाजते, आणि इथे येऊन उडी मारते. आधी २५ मीटर, थोडं पुढे जाऊन आणखी २०, मग घटप्रभेला मिळते. त्या दिवसापासून घागर भरताना मला ती नदी भरतेय असं वाटायचं. हे सगळं मला माझ्या मुलांना दाखवायचंय, आणि तुमच्याशिवाय दाखवायला जाते आहे, हे मलाच किती दिवस घशाखाली उतरत नव्हतं.

पण मे महिन्यात राजहंसगडावर तुम्ही पायऱ्यांवर बसलात आणि म्हणालात, सिद्धेश्वराचं देऊळ काय सुरेख दिसतंय, फोटो काढतो. मोबाईल उलटा होता, बाबा. मी काही बोलले नाही. गाडीत बसल्यावर सोनू म्हणाला, "आई, आजोबा फोटो काढत नव्हते, श्वास घेत होते." सात वर्षांच्या पोराला दिसलं ते.

डॉक्टरांनी चाला सांगितलंय, सपाटीवर. उतरा असं कुठे सांगितलंय? चढताना दम लागतो, तो निदान दिसतो. उतरताना गुडघा जातो, आणि तो गेल्याचं खाली पोचल्यावर कळतं. तिथे पायऱ्या नाहीत, कपाटाएवढे दगड आहेत. एखाद्याला काही झालं तर चौघांनी उचलून वर आणायचं, दुसरा रस्ता नाही. तात्यांच्या वेळी जे झालं ते तुम्हीच बघितलंत. (हे वाक्य दोनदा खोडलं. राहू दे.)

आणि खरं सांगू? तुमच्या हृदयाएवढीच मला माझी भीती आहे. चिंगी एका दगडावरून दुसऱ्यावर उड्या मारते, सोनूला प्रत्येक डबक्यात हात घालायचा असतो. तुम्ही खाली असलात तर माझं लक्ष तुमच्याकडे राहणार. डोळे दोनच आहेत. फेब्रुवारीत तुम्हाला ॲडमिट केलं तेव्हा मी दोन दिवसांनी पोचले. तुम्ही तो विषय कधी काढला नाहीत. काढला असतात, एकदा चिडला असतात, तर मला बरं वाटलं असतं.

आता घाबरू नका, मुलांना मी तुमच्याच पद्धतीने नेणार. धबधबा बघायला जुलै-ऑगस्ट, दरीत उतरायला डिसेंबर, हे तुमचंच. सहाला घर सोडायचं, नऊला उतरायला सुरुवात, अकरा वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, मग धबधबा दहा पावलांवर का असेना. आपापली बाटली ज्याने त्याने उचलायची. चपला बंद, जुने पकड असलेले बूट. डोहात कुणी उतरायचं नाही, घोट्यापर्यंत पाणी असेल तिथेच पाय बुडवायचे. हिरवट दगडावर पाय द्यायचा नाही. कड्याला आग्या मोहोळ असलं तर धूर नाही, आरडाओरडा नाही. चिंगी कंटाळली तर मी तिला घेऊन परत येईन, तिला खांद्यावरून दरी दाखवायचा हट्ट मी करणार नाही. एवढंसंच चालली तरी चालेल. मीसुद्धा पहिल्या खेपेला अर्ध्यावर रडले होते, आणि तुम्ही घरी येऊन आईला सांगितलंत की पोरगी पूर्ण उतरली. आई, तुला हे आत्ता कळलं असेल तर माफ कर.

तुमची व्यवस्था ऐका. पुढच्या सीटवर तुम्ही, मान टेकायला उशी. दादा जाऊन बघून आलाय. गाडी थांबते तिथून थोडं सपाट चालणं, मग चिंचेची सावली आहे. दोन घडीच्या खुर्च्या घेतल्यात, पाठ असलेल्या. स्टुलं नाहीत, आईने तोंड वाकडं करू नये. तो निळा थर्मास आणते. पहाटे थंडी असते, मफलर आणि कानटोपी घालून निघायचं, गाडीत गरम होतं म्हणून घरी ठेवून यायची नाही. आई, तू चारला उठून वडे तळायचे नाहीत. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, बास. दह्याचा डबा वहिनीकडे. गोळ्यांची डबी तुझ्या पर्समध्ये, बाबांच्या खिशात नको, त्यांच्या खिशातलं काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

आणि बाबा, तुम्हाला काम आहे. नदीच्या वरच्या अंगाला शिरूरला धरण आहे. डिसेंबरात सहसा पाणी यायचं नाही, तरी दरीत उतरलेल्याला वरचं दिसत नाही आणि खाली फोनचा भरवसा नाही. तुम्ही कडेपासून दहा हात आत बसून नदीकडे बघायचं. पाणी गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या, आवाज बदलला, की तीन लांब शिट्ट्या. आम्ही ऐकलं की एक शिट्टी देऊ आणि लगेच चढायला लागू. पाण्याचा आवाज बदललेला आमच्यात कुणाला ओळखू येणार आहे? दादाला तर कुकरच्या शिट्ट्याही मोजता येत नाहीत. तुमचा रुसवा काढायला हे काम काढलं असं वाटेल. थोडं तेही आहे. पण तुम्ही नसता तर मी आणखी दोघांना वर बसवलं असतं.

संध्याकाळी परतताना गोकाकचा धबधबा मात्र पूर्ण तुमच्या ताब्यात. घटप्रभा तेव्हा बारीकच असेल. ५२ मीटरचा कडा, कोरडा पडला तरी कडाच. तुम्ही मुलांना ते तिथे १८८७ साली केलेल्या विजेचं सांगा, आणि झुलत्या पुलाचं. मी पुलाच्या मध्यावर तुमचा शर्ट धरून बसले होते आणि मागची माणसं खोळंबली होती, तेही सांगा. ते सांगताना तुम्ही जो आवाज काढता तो मला काढता येत नाही.

मिठाई म्हणून गोकाकचा करदंट घ्यायचा, पण एकच पाकीट, आणि ते आई ठेवेल. आई, साखरेच्या डब्यामागे नको, ती जागा त्यांना माहीत आहे. तुझ्या साखरेचा रिपोर्ट अजून मला पाठवला नाहीस. तोही या आठवड्यात पाठव, "बरी आहे" असं लिहून नको, कागदाचा फोटो.

बाबा, रोज संध्याकाळी शहापूरच्या आपल्या गल्लीतून एक चक्कर मारत राहा. पुढच्या वर्षी काय होईल ते पुढच्या वर्षी बघू. आत्ता काही कबूल करत नाही. दोघांचा राग आला असेल तर पत्राचं उत्तर पत्रानेच द्या, म्हणजे निदान अक्षर बघायला मिळेल.

तुमची,
बेबी

ता. क. शाळेतली तुमची पितळी शिट्टी कपाटात वरच्या खणात, सर्टिफिकिटांच्या फायलीखाली आहे. मी गणपतीत बघितली होती. हिरवी पडलीय. चिंचेने घासा आणि आतला गोळा फिरतोय का ते एकदा वाजवून बघा. दुपारी नको, आई झोपलेली असते.