केसपेपरवर ‘मजुरी’ नको, नेमके काम लिहा

संपादक महोदय,

फाउंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतणाऱ्या कारखान्यात, वर्षानुवर्षे फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणे), नॉकआउट (साचा फोडून भाग काढणे) किंवा शॉट ब्लास्टिंग (छऱ्यांच्या माऱ्याने भाग साफ करणे) केलेल्या कामगाराला धाप लागू लागली की एक्स-रे निघतो, छातीत वरच्या बाजूला बारीक ठिपके दिसतात आणि टीबीची औषधे सुरू होतात. थुंकीत जंतू सापडत नाहीत, सहा महिन्यांचा कोर्स संपला तरी धाप तशीच. तरीही वाळूच्या धुळीचा विषय कोणी काढत नाही, कारण केसपेपरवर धंद्यापुढे ‘मजुरी’ एवढाच शब्द असतो. सिलिकोसिसच्या, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराच्या, भरपाईचा दावा तिथेच लंगडा होतो.

म्हणून डॉक्टरांना आपण होऊन सांगावे : कारखान्यातले खाते (विभाग) कोणते, वर्षे किती, वाळू कोरडी की ओली, धूळ ओढणारी यंत्रणा होती का. आणि ते लिहूनच घ्यावे. एक्स-रेची मूळ फिल्म जपावी. मोबाइलवर काढलेल्या फोटोत हे ठिपके नीट उमटत नाहीत. थुंकीचा आणि स्पायरोमेट्रीचा (फुंकर मारून फुप्फुसाची क्षमता मोजणाऱ्या चाचणीचा) अहवाल सोबत ठेवावा. टीबी खरोखरच झाला असला, तरी त्याच्या मुळाशी सिलिकोसिस असेल तर तोही भरपाईस पात्र आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. कारखान्यातील कामगाराला सिलिकोसिस झाल्याचे डॉक्टरांनी सरकारी कारखाना निरीक्षकांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. ते होत नाही, याची आम्हाला चीड येते. सरकारी रुग्णालयांनी केसपेपरवर काम, खाते आणि वर्षे असे तीन रकाने छापावेत, ही आमची मागणी आहे.

पुढची अडचण पुराव्याची. ठेकेदार बदलत राहतो, हजेरी कार्ड हाती राहत नाही. अशा वेळी भविष्य निर्वाह निधीचे पासबुक काढावे. कोणत्या आस्थापनेने कोणत्या महिन्याचे पैसे भरले, ते त्यात दिसते. ठेकेदार गायब झाला तरी मूळ कारखान्याची जबाबदारी सुटत नाही, आणि मालक अनेक असतील तर भरपाई त्यांच्यात विभागली जाते.

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर दावा ईएसआय महामंडळाकडेच करावा लागतो. तिथे वैद्यकीय मंडळ अपंगत्वाची टक्केवारी ठरवते आणि कायम अपंगत्व असेल तर दरमहा लाभ मिळतो. ईएसआय नसेल तर दावा मालकावर. 1923 चा भरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे आणि व्यावसायिक आजारांची यादी तिथे तिसऱ्या अनुसूचीत आहे. हिशोब असा : वय 40, पगार 12,000 रुपये. पगाराचे 60 टक्के म्हणजे 7,200, गुणिले कायद्यात त्या वयासाठी दिलेला गुणक 184.17, म्हणजे पूर्ण अपंगत्वाला 13,26,024 रुपये. कमाईची क्षमता 30 टक्के घटली असेल तर त्याच्या 30 टक्के.

दाव्याची मुदत दोन वर्षे. आजारामुळे कामावर जाणे बंद झाले, त्या पहिल्या दिवसापासून ती मोजतात. काम सोडल्यावर दोन वर्षांत लक्षणे दिसली तर ती आढळल्याच्या दिवसापासून. धाप लागणाऱ्याला आधी कामावरून कमी केले जाते, म्हणून ही तारीख दाखवणारा कागद जपलाच पाहिजे. जाताना ‘माझे काही येणे नाही’ अशा कागदावर अंगठा घेतला जातो. त्या अंगठ्याने भरपाईचा हक्क जात नाही.

– कामगारांच्या भरपाई दाव्यांत मदत करणारे काही जण, कोल्हापूर