ढोरफोडीवरची गिधाडं

नागपूर,
तान्हा पोळा

प्रिय सुधाकर,

खाली गल्लीत पोरं लाकडी नंदीबैल घेऊन दारोदार फिरताहेत. मी काल रात्रीच गावाहून परतलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपला सर्ज्या लंगडायला लागला. औषधाच्या दुकानात गेलो, तर दुकानदाराने माणसांच्या डायक्लोफेनॅकच्या, म्हणजे दुखणं थांबवायच्या इंजेक्शनच्या, छोट्या कुप्या काढल्या. म्हणे, "आठ-दहा फोडा, तेच असते." अबे, ढोरांसाठी हे औषध २००६ पासून बंद आहे! माणसांची मोठी बाटली ढोरांना टोचतात म्हणून २०१५ मध्ये ३ मिलीच्या वरच्या कुपीवरही बंदी आली. तरी पळवाट आहेच. मी हुज्जत घालून मेलॉक्सिकॅम आणलं. ते गिधाडांना बाधत नाही.

परतताना पाय आपोआप ढोरफोडीकडे, मेलेली ढोरं टाकायच्या त्या जागेकडे वळले. आठवते? नाक दाबून आपण तिथून पळायचो आणि लांब जाऊन गिधाडं मोजायचो. उकिडवं बसलेलं सगळ्यात मोठं म्हणजे सरपंच. आता तिथे गावची कुत्री, बस. एक मागे लागलं, तेव्हा या वयातही पळालो.

तुला एक कधी सांगितलं नाही. १९९८ मध्ये पवळ्या आजारी पडला, तेव्हा बाबांनी दोन दिवस त्याला इंजेक्शनं टोचली. मी त्याची मान धरून होतो. बाटलीवरचं डायक्लोफेनॅक हे नाव मीच वाचून दाखवलं होतं, इंग्रजी येते म्हणून. तिसऱ्या दिवशी पवळ्या गेला. बैलगाडीने ढोरफोडीवर नेला, गिधाडांनी तासाभरात साफ केला. चार-पाच दिवसांनी त्या मोठ्या झाडावर दोन गिधाडं माना खाली टाकून बसलेली दिसली. चोच छातीला लागेल इतकी मान लोंबलेली. आपण म्हणालो, जास्त झालं खाणं. तू खडा मारलास, तरी एकही हललं नाही.

मेलेल्या ढोरातलं हे औषध गिधाडांच्या मूत्रपिंडांत जातं आणि ती बंद पडतात. मग युरिक अ‍ॅसिड आतल्या अवयवांवर चुन्यासारखं पांढरं साचतं. २००३-०४ पर्यंत हे कारण कुणालाच ठाऊक नव्हतं, बाबांना कुठून असणार! शंभर मेलेल्या ढोरांत एखाद्यात जरी औषध असलं तरी पुरतं, कारण एकाच ढोरावर अख्खा थवा उतरतो. आणि मादी वर्षाला अंडं घालते एकच. पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा वर्षांत हजारात एक उरली.

२०२४ च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून काही गिधाडं पेंच आणि ताडोब्यात आणली, पाठीवर टॅग लावून पुढे सोडली. पेंच इथून किती, दोनेक तासांचा रस्ता. पण भूक लागली की ती कुठल्या गावच्या ढोरावर उतरतील, त्यांना कोण सांगणार?

सर्ज्या बरा आहे, काल मिरवला. शिंगांना हिंगूळ मीच लावला.

ते मोठं झाड कशाचं होतं रे? आई म्हणते बेहडा, मला कहू वाटतो. आता तिथे बुंधाही नाही. तुला आठवलं तर कळव.

तुझा,
विनू