डाकोटा विमानाजवळ भेटलेल्या काकांना, थँक यू

नमस्कार काका,

काका म्हटलेलं चालेल ना? इकडे टेक्सासमध्ये तुम्हाला असं कोणी म्हणत नसेल, पण बाबांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ काही रेटत नाही. तुमच्या सॅन मार्कोसच्या विंगच्या, म्हणजे जुनी विमानं सांभाळणाऱ्या तुमच्या संस्थेच्या शाखेच्या, पत्त्यावर इंग्लिशमध्ये कार्ड पाठवलंय, त्यात चार ओळींच्या वर काही मावलं नाही म्हणून बाकीचं इथे मराठीत लिहितेय, तुमच्या ओळखीत कोणी आपलं माणूस असेल तर वाचून दाखवेल.

आधी वाचणाऱ्यांसाठी थोडं. हे काका ज्या विमानाची देखभाल करतात ते साधंसुधं विमान नाहीये. ‘दॅट्स ऑल, ब्रदर’ असं नाव आहे त्याचं, सी-47, म्हणजे आपण ज्याला डाकोटा म्हणतो ते. जून 1944 मध्ये डी-डेच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात दोस्त फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या त्याच्या, आदल्या रात्री तिथल्या नॉर्मंडीवर पॅराट्रूपर्स घेऊन जी 800 च्या वर विमानं गेली त्यांच्या मुख्य ताफ्यात हे सगळ्यात पुढे होतं. आणि एवढं करून शेवटी कुठे पडलं होतं तर विस्कॉन्सिनमध्ये एका कंपनीच्या यार्डात, जुनी इंजिनं काढून टर्बाइन बसवायची वाट बघत! अलाबामाच्या एअर नॅशनल गार्डमधल्या दोन इतिहासवेड्या माणसांनी जुने रेकॉर्ड उकरून ते शोधून काढलं, मग आपल्याकडे गणपतीची वर्गणी काढतात तशी लोकांकडून ऑनलाइन वर्गणी निघाली, 2018 ला विमान परत उडालं आणि 2019 ला अटलांटिक ओलांडून थेट नॉर्मंडीला जाऊन आलं. आणि सांभाळणारे बहुतेक सगळे बिनपगारी, शनिवार-रविवारी येऊन हात काळे करणारे.

तर काका, त्या दिवशी एअर शोला बाबा आमच्याबरोबर आले ते नातवंडांच्या हट्टापायी. “जेट काय बघायचे, कान फुटतात नुसते” असं पार्किंगपर्यंत चालू होतं. मग माइकवरून अनाउन्समेंट झाली की जे सैन्यात होते त्यांनी उभं राहा, सगळीकडे टाळ्या, म्हातारे लोक टोप्या काढून उभे, आणि आमचे बाबा खुर्चीत तसेच. मी कोपराने ढोसलं तर म्हणे “ते त्यांच्या लोकांसाठी आहे, आपण कोण इथे”. पंधरा वर्षं एअरफोर्समध्ये काढलेला माणूस हा! पण एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा दुरुस्त करणारा, पायलट नाही, त्यामुळे घरीदारी पण कोणी कधी फारसं विचारलंच नाही, आम्हीसुद्धा नाही. एअरफोर्स म्हटलं की लोकांना पायलटच दिसतो, खाली पाना घेऊन उभा असलेला कोणाला दिसत नाही.

तुम्हाला दिसला. म्हणजे बाबा जाऊन सरळ शेपटीपाशी उभे राहिले, सगळे लोक पंखांवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांजवळ सेल्फी काढत होते आणि हे मागे रडरवर टिचकी मारून आवाज ऐकत होते. (माहीत नसेल तर, डाकोटाचं बहुतेक अंग पत्र्याचं पण शेपटीचे हलणारे भाग, उभा रडर आणि आडवे एलेव्हेटर, कापडाचे असतात, वरून डोप म्हणजे एक प्रकारचं वार्निश मारून ताणलेलं कापड, मला पण त्या दिवशीच कळलं.) मला वाटलं आता कोणीतरी ओरडणार, हात लावू नका म्हणून. तुम्ही आलात आणि फक्त विचारलंत, यावर काम केलंय का?

बाबा म्हणाले, “इंडियन एअरफोर्स. डाकोटा. जोरहाट.” (आसाममधलं.) एवढंच. त्यावर तुम्ही ‘थँक यू फॉर युवर सर्व्हिस’ वगैरे काही म्हणाला नाहीत, खिशातलं फडकं काढून त्यांच्या हातात दिलंत आणि इंजिनाकडे बोट दाखवलंत. बास, पुढचा तासभर आम्हाला कोणी विचारलंच नाही!

ते रेडियल इंजिन, म्हणजे गोलाकार मांडलेल्या सिलिंडरचं, खालच्या सिलिंडरमध्ये ऑइल उतरून साचतं म्हणून स्टार्ट करायच्या आधी प्रोपेलर हाताने फिरवून घेतात. तुमची पोरं फिरवत होती आणि बाबा बाजूला उभे राहून एकेक पातं मोठ्याने मोजत होते, हिंदीत! काउलिंगखाली, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखाली, ऑइल ठिबकत होतं ते बघून मी घाबरले तर तुम्ही दोघंही हसलात, गळत नसेल तर ऑइल संपलंय असं समजायचं म्हणे. आत गेल्यावर त्या चढाच्या जमिनीवरून बाबा काठी न टेकता कॉकपिटपर्यंत गेले. दारापाशी परत येऊन त्यांनी तुम्हाला सांगितलं की नेफामध्ये, म्हणजे आताच्या अरुणाचलमध्ये, अशाच दारातून तांदळाची पोती ढकलायचे, पॅराशूट न लावता, फुटू नये म्हणून गोणीवर गोणी चढवून. 1947 ला श्रीनगरला आपली फौज डाकोटातून उतरली, पुढच्या वर्षी एअरफोर्सच्या मेहर सिंगांनी डाकोटाच लेहला उतरवलं, हे पण सांगितलं. माझं इंग्लिश भाषांतर अर्ध्यात राहिलं तरी तुमचं बरोबर चालू होतं.

मी चाळीस ओलांडलीये, आणि जोरहाटचं त्या पोत्यांचं मी पहिल्यांदा ऐकलं, तेही तुमच्यामुळे, तुम्हाला सांगत होते म्हणून. त्यासाठी खूप खूप आभार काका, आणि हो, उन्हात त्यांना स्वतःची खुर्ची दिलीत त्यासाठी पण.

आता बाबा साताऱ्याला परत गेलेत. आपल्या एअरफोर्सकडे पण परशुराम नावाचं डाकोटा आहे, 2018 पासून, दुरुस्त करून उडतं ठेवलेलं, ते बघायला दिल्लीला न्या म्हणून भावाच्या मागे लागलेत. फडकं परत द्यायचं राहिलंय, ते धुवून इस्त्री करून कपाटात ठेवलंय असं आई म्हणते. आणि दर रविवारी फोनवर मला एकच विचारतात, ते डाव्या एलेव्हेटरच्या कडेची टेप सुटत आली होती, मी त्यांना दाखवली होती, बदलली का बघ. तेवढं कळवाल का?