ऑनलाईन डिग्री करणाऱ्यांनी हे वाचा, मग फी भरा

नमस्कार मंडळी, ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी औंदा ऑनलाईन बीकॉम, एमबीए करायचं ठरवलंय म्हणून आत्ताच सांगायलोय, नंतर पळापळ नको. फी भरायच्या आधी यूजीसीच्या डेब (म्हणजे दूरशिक्षण विभाग) साईटवर त्या विद्यापीठाचं नाव आणि आपला कोर्स दोन्ही बघा, कारण विद्यापीठाला मान्यता आहे म्हणजे प्रत्येक कोर्सला असतेच असं नाही, आणि इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसीची डिग्री ऑनलाईन देतो म्हणणाऱ्याला तर सरळ नमस्कार करायचा. डेब आयडी, म्हणजे ऑनलाईन कोर्सच्या प्रवेशाला लागणारा नंबर, आपला आपण काढायचा, त्याला आधी एबीसी आयडी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे आपले क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर) लागतो. मी एजंटच्या भरवशावर राहिलो, पावती कच्ची मिळाली आणि सहा महिने फोन करत बसलो, म्हणून पैसे फक्त विद्यापीठाच्याच खात्यावर भरा.

दुसरं म्हणजे अभ्यास. व्हिडिओ रेकॉर्डेड आहे, नंतर बघू, असं म्हणत म्हणत चाळीस लेक्चर साठतात बघा! असाइनमेंटचे मार्क ३० टक्क्यांपर्यंत असतात, ते फुकट घालवू नका, आणि शेवटच्या रात्री अपलोड करायला बसलं की लाईट जाणार हे ठरलेलं. एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्यांनी रोजचा एक तास पक्का धरा, घरी जमत नसलं तर वाचनालयात बसा की.

जानेवारीत गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) टायमाला पेपर येऊ शकतात, तारखा आधीच बघून ठेवा. प्रॉक्टर्ड, म्हणजे ऑनलाईन नजर ठेवून घेतात त्या परीक्षेत कॅमेरा चालू असतो, मागनं पोरं ओरडत फिरायला नकोत.

कुणाला डेब आयडी काढायला जमंना तर रविवारी सकाळी मोबाईल, आधार घेऊन या, बसून काढू.