काकू, शनिवारी पोर्च बघायला चला

तीर्थस्वरूप काकूंना,
साष्टांग नमस्कार.

बांधकाम कंत्राटदाराचा परवाना आला त्या दिवशी मी पेढे घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही डबा ठेवून घेतलात आणि म्हणालात, "माझे आभार नको मानूस. आपली जी पोरं अजून दुसऱ्याच्या हाताखाली राबतायत, त्यांना सांग परवाना कसा निघतो ते." म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय. त्यांना माहिती मिळेल, आणि आभार मात्र मी मानणारच आहे.

आपली ओळख मखरामुळे झाली. मंडळाच्या गणपतीसाठी खांब उभे करताना मी ओळंबा लावून बघत होतो. वडिलांचा पितळी ओळंबा, गडहिंग्लजहून निघताना शर्टात गुंडाळून आणलेला. इथे शिकागोत सगळे लेझर वापरतात, मीही वापरतो, पण खांब म्हटला की हात आधी त्या दोरीकडे जातो. तुम्ही नैवेद्याचं ताट घेऊन चालला होतात. दोरी डोलायची थांबेपर्यंत तशाच उभ्या राहिलात. मग विचारलंत, "कोणाकडे असतोस कामाला?"

सात वर्षं एकाच मालकाकडे, तासावर. किचन, बेसमेंट, ड्रायवॉल, फरशी, जुन्या बंगल्यांच्या विटांमधल्या फटी भरणं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात, "आणि यातलं तुझ्या नावावर काय?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. वडील आयुष्यभर गवंडीकाम करत आले. गावातली कितीतरी घरं त्यांनी बांधली, पण एकाही कागदावर त्यांचं नाव नाही. माझंही तसंच चाललं होतं.

पुढच्या रविवारी तुम्ही बोलावलंत. बेसमेंटमधलं ते टेबल, हिरव्या झाकणाचा दिवा, आणि एका कंत्राटदाराच्या ऑफिसात तीस वर्षं हिशेब सांभाळून तयार झालेली तुमची नजर. पहिली गोष्ट तुम्ही समजावलीत ती ही, की इलिनॉय राज्य जनरल काँट्रॅक्टरला, म्हणजे अख्ख्या बांधकामाची जबाबदारी घेणाऱ्या मुख्य कंत्राटदाराला, परवाना देत नाही. छपराचं काम आणि प्लंबिंग यांचे परवाने राज्याचे. बाकी गावागावाचे नियम वेगळे, आणि शिकागोत काम करायचं तर शिकागो शहराचाच परवाना, इमारत खात्याकडून. मी इतकी वर्षं या शहरात राबलो आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग पाच वर्ग आले. ए वर्गाला कितीही मोठं काम करता येतं. बी वर्गाला एका कामात एक कोटी डॉलरपर्यंत, सी वर्गाला 50 लाख, डी वर्गाला 20 लाख, आणि शेवटचा ई वर्ग 5 लाख डॉलरपर्यंत. ई वर्गाची वर्षाची फी 300 डॉलर. मला वाटलं, सगळ्यात खालचा वर्ग घेतला तर लोक काय म्हणतील? तुम्ही म्हणालात, "तुला पोर्च बांधायचाय की विमानतळ? आपल्या कामाला पुरेल तेवढाच घे. वर्ग वर गेला की विमाही वाढतो, आणि तो हप्ता तुझ्याच खिशातून जाणार आहे." जे सुरुवात करतायत त्यांनी हे ध्यानात ठेवा. या परवान्याला परीक्षा नाही, पण ई वर्गालासुद्धा 10 लाख डॉलरचा दायित्व विमा, म्हणजे आपल्या कामामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, लागतो. इलेक्ट्रिकचं, प्लंबिंगचं, विटांचं काम करणाऱ्यांचे परवाने निराळे. जनरल काँट्रॅक्टर झालो म्हणून सगळं आपल्या हाताने करायला मोकळीक मिळत नाही.

काकू, आता जे लिहितोय ते तुम्हाला कदाचित आवडणार नाही, तरी लिहितो. त्या दिवसांत आपल्यातल्याच एका कुटुंबाने मला त्यांच्या तीन मजली घराचा मागचा लाकडी पोर्च, म्हणजे मजल्यामजल्याची गॅलरी आणि जिना, नव्याने बांधायला सांगितला होता. कागदपत्रांना वेळ लागतोय म्हणून मी तुम्हाला म्हणालो, की तोवर परमिट, म्हणजे त्या एका कामापुरती शहराची मंजुरी, न काढता काम उरकून टाकतो, मागच्या गल्लीत कोण बघतंय. तुम्ही पेन खाली ठेवलंत. आवाज चढवला नाहीत. मला 29 जून 2003 ची रात्र सांगितलीत.

शिकागोतल्याच लिंकन पार्क नावाच्या वस्तीत तीन मजली घराच्या मागच्या पोर्चवर पार्टी चालली होती. बहुतेक विशीतली मुलं. तिसऱ्या मजल्याचा पोर्च दुसऱ्यावर आला, तो पहिल्यावर, आणि सगळे एकमेकांवर कोसळत तळघरापर्यंत गेले. 13 जण मेले, पन्नासच्या वर जखमी झाले. तो पोर्च परमिटशिवाय आणि परवानगी असते त्यापेक्षा मोठा बांधला होता, असं शहराने नंतर सांगितलं. तुम्हाला ती सकाळ आठवत होती. ऑफिसात फोन थांबत नव्हते. तुमचे मालक गाडी काढून आपण बांधलेला एकेक पोर्च स्वतः बघायला गेले, आणि संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्या नखांत लाकडाची धूळ होती. "त्यांना जाता आलं," तुम्ही म्हणालात, "कारण कोणते पोर्च आपले हे त्यांना कागदावर माहीत होतं. तुझा पोर्च कुठल्या कागदावर असणार आहे?"

मी त्या कुटुंबाला फोन करून सांगितलं, थांबावं लागेल. ते थांबले. त्यांचेही मनापासून आभार.

थांबावं लागलं ते मात्र बरंच. विमा एजंटच्या ऑफिसने पाठवलेलं पहिलं प्रमाणपत्र परत आलं, कारण माझी कंपनी राज्याकडे एलएलसी, म्हणजे मर्यादित दायित्वाची कंपनी, म्हणून नोंदलेली आणि प्रमाणपत्रावर ती तीन अक्षरंच नव्हती. दुसऱ्यात नाव बरोबर होतं, तर पॉलिसीची तारीख चुकली. मी वैतागलो होतो. तुम्ही पट्टी घेऊन अर्जाची ओळ आणि प्रमाणपत्राची ओळ एकाखाली एक ठेवलीत आणि अक्षरन् अक्षर ताडून दाखवलंत, जसे माझे वडील विटेचा थर दोरीला लावून बघतात. तिसरं प्रमाणपत्र मी तसंच तपासलं, तुमच्या मदतीशिवाय, आणि ते पास झालं.

मग निघाला जुना दंड. विकून टाकलेल्या व्हॅनचं पार्किंगचं तिकीट, न भरल्यामुळे वाढत गेलेलं. शहराचं देणं बाकी असलं की शहर परवाना देत नाही. तर भाऊ-बहिणींनो, अर्ज करायच्या आधी तिकिटं आणि पाण्याची बिलं भरून टाका आणि पावत्या जपून ठेवा. मी भरायला गेलो त्या दिवशी तुम्ही माझ्यासोबत लसाल स्ट्रीटवर सिटी हॉलला आलात. गुडघे दुखत असताना, जानेवारीच्या थंडीत. मी नको म्हणत होतो. "पहिल्या वेळी सोबत कोणी असावं," म्हणालात. खिडकीशी मीच बोललो, तुम्ही बाकावर बसून होतात, पण मागे तुम्ही आहात या भरवशावर मी बोललो.

मार्चमध्ये परवाना आला. वडिलांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. ते बराच वेळ नुसते बघत राहिले. मग विचारलं, "म्हणजे पोर्च पडला तर तुला धरणार?" मी हो म्हटलं. "बरं आहे," ते म्हणाले. "मग नीट बांध."

त्या पोर्चचं परमिट माझ्या परवान्यावर निघालं. पायाचे खड्डे मी स्वतः मोजले. इथे जमीन गोठते, त्यामुळे पाया किमान 42 इंच खाली न्यावा लागतो, नाहीतर थंडीत माती फुगून खांब वर उचलते. गडहिंग्लजच्या गवंड्याच्या पोराला हे शिकावंच लागलं. काँक्रीट ओतायच्या आधी इन्स्पेक्टर आले. पहिल्या खड्ड्यात टेप सोडला, दुसऱ्यात सोडला, तिसऱ्यापाशी जरा रेंगाळले. तळाला थोडी सुटी माती पडली होती. ती काढायला लावली. मी खड्ड्यात उतरून हाताने काढली. त्यांनी पुन्हा टेप सोडला आणि सही केली. चौरस फुटाला 100 पौंड भार धरून तुळया ठरवल्यात. पूर्वीच्या पोर्चचं लाकूड उतरवताना एक तुळई घराच्या भिंतीला नुसत्या खिळ्यांवर टांगलेली दिसली. मी तिचा फोटो काढून ठेवलाय, तुम्हाला दाखवायला. आता तिथे आरपार बोल्ट आहेत.

समोरच्या खिडकीत परमिटचा कागद लागला तेव्हा मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फूटपाथवरून तो वाचला. कंत्राटदार या शब्दापुढे माझ्या कंपनीचं नाव होतं, एलएलसीसकट.

काकू, तुम्ही माझा अर्ज भरून दिला असतात तर तासाभरात काम झालं असतं. तुम्ही पाच महिन्यांचे रविवार दिलेत, आणि मला भरायला शिकवलंत. तुमच्या घरचा चहा आणि थालीपीठ यांचा हिशेब तर मी मांडतच नाही.

गेल्या आठवड्यात शेवटची तपासणी झाली. पायऱ्यांची उंची सगळीकडे सारखी ठेवली आहे आणि कठडा हाताला भक्कम लागतो, त्यामुळे तुम्हाला सावकाश चढता येईल. प्रत्येक मजल्यावर टेकायला खुर्ची ठेवतो. शनिवारी दहा वाजता तुम्हाला न्यायला येतो. ओळंबा सोबत आणतोय. तिसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्याचा खांब तुम्हीच बघा.

तुमचा,
मखरवाला