पालकमंत्री महोदय, माझी पदवी कोणत्या कलमाखाली अडकली आहे?

प्रति,
मा. पालकमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजातून मी यंदा अर्थशास्त्रात एम.ए. झाले. म्हणजे गुणपत्रिकेत झाले; पदवी प्रमाणपत्र अजून प्राचार्यांच्या कपाटात आहे. काल मला आणि माझ्यासोबतच्या मुलामुलींना कारणे दाखवा नोटीस मिळाली. पदवी वितरण समारंभात गैरवर्तन करून संस्थेची प्रतिमा मलिन केली म्हणून सात दिवसांत लेखी माफीनामा द्यावा, तोवर प्रमाणपत्र मिळणार नाही, असा त्याचा मथितार्थ. आपल्या व्यापाची मला कल्पना आहे. तरी जाहीरपणे लिहिते आहे, कारण खाजगीत आपल्याशी बोलून झालेलं आहे.

आपल्याला आठवत असेल. समारंभाच्या आधीच्या आठवड्यात शासकीय विश्रामगृहावर आम्ही निवेदन दिलं होतं. आपण ते उभ्या उभ्या वाचलं, पीएंच्या हातात दिलं आणि म्हणालात की संस्थाचालकांशी मी बोलतो, पाहुण्यांचं नाव बदलून घेऊ, आणि पोरांवर कसलीही कारवाई होणार नाही, हा माझा शब्द. मग फोटो निघाला. संध्याकाळी तो आपल्या पेजवर होता, खाली ओळ होती की विद्यार्थ्यांच्या समस्या जाणून घेतल्या. दोन-तीन दिवसांत निमंत्रणपत्रिका हातात पडली. प्रमुख पाहुणे तेच. अध्यक्षस्थानी आपण.

पाहुण्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना आणखी प्रसिद्धी कशाला? उद्योजक आहेत, प्रेरणादायी वक्ते आहेत, बोट वर केलेले त्यांचे फ्लेक्स चौकाचौकात दिसतात. गेल्या उन्हाळ्यात एका मेळाव्यात ते बोलून गेले की मराठवाड्यातला शेतकरी कर्जापायी मरत नाही, मागे घरच्यांना लाख रुपये मिळतात म्हणून मरतो. ते लाख बंद करा, आत्महत्या आपोआप थांबतील. समोर बसलेले हसले. तो व्हिडिओ गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. मग खुलासा आला की विधानाचा विपर्यास केला गेला. नेमका कोणता शब्द कुणी फिरवला ते काही खुलाशात नव्हतं.

त्या लाखाबद्दल मला थोडी माहिती आहे. ती आपल्यालाही असायला हवी, पण असो. जानेवारी 2006 च्या शासन निर्णयाने ही मदत ठरली. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. तेव्हापासून सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेला, डीएपी खताची गोणी कुठल्या कुठे गेली, मेलेल्या शेतकऱ्याचा भाव लाखावरच आहे. आणि तो आपोआप मिळत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने मरण 'पात्र' ठरवावं लागतं. नापिकी हवी, कर्ज हवं, तेही राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, आणि वर परतफेडीचा तगादा हवा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, असेच गेले तेव्हा मी अकरावीत होते. बालाघाटाच्या कुशीत आमचं गाव, तीन एकर मुरमाड. बँकेने त्यांना दारात उभं केलं नव्हतं. बोअरसाठी गावातल्याच एकाकडून महिना पाच टक्क्याने पैसे घेतलेले. बोअरला फुफाटा लागला. चौकशीला तलाठी, कृषी सहायक आणि जमादार आले, ओसरीवर सतरंजीवर बसले. पहिला प्रश्न होता, पीत होते का? दुसरा, घरात काही वाद? तिसरा माझ्याकडे बघून, हिचं लग्नबिग्न ठरवलं होतं का? माय तोंडात पदर धरून नुसती मान हलवत होती. चहा पिऊन त्यांनी तिचा अंगठा घेतला. ती सही करते, चौथीपर्यंत शिकलेली आहे, पण शाईचा पॅड आधीच उघडून ठेवला होता.

काही महिन्यांनी कागद आला: अपात्र. कारण, मयताच्या नावे मान्यताप्राप्त संस्थेचं कर्ज आढळत नाही. ज्याने कर्ज दिलं त्याच्याकडे परवाना नव्हता. तेव्हा पाहुण्यांचं म्हणणं खरं धरलं तर आमच्या अण्णांचा हिशेब साफ चुकला, महोदय. लाखासाठीच मरायचं होतं तर आधी जीआर वाचायचा, परवानावाला सावकार गाठायचा, तगाद्याची पावती जपून ठेवायची, आणि मगच दोरी घ्यायची.

विभागीय आयुक्त कार्यालयाच्या नोंदीत 2023 या एका वर्षात मराठवाड्यात 1,088 शेतकरी आत्महत्या आहेत. रोजच्या तीन धरा. एकट्या बीडमध्ये 269. आमच्या वर्गात ज्यांच्या घरातलं किंवा भावकीतलं असं कुणी गेलेलं नाही असे विद्यार्थी शोधावे लागतील. अशा सभागृहात तुम्ही त्या माणसाला शाल घालायला आणलंत आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या होत्या.

आम्ही काय करणार होतो ते निवेदनातच लिहिलं होतं, लपवलेलं काही नव्हतं. घोषणा नाही, फलक नाही. ते भाषणाला उभे राहिले की चाळीसेक जण आपापल्या जागेवर उठून पाठ करून उभे राहणार, भाषण संपलं की बसणार, पदवी घेणार. एवढ्यासाठी आदल्या दिवशी पोलिसांनी आम्हाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 खाली प्रतिबंधक नोटिसा दिल्या. सकाळी गेटवर काळं काही चालणार नाही म्हणून मुलींच्या ओढण्या काढून घेतल्या, मुलांचे मोजेसुद्धा बघितले. एकीच्या केसाला काळं रबर होतं, तेही टोपलीत टाकायला लावलं. आणि आम्हा सहाजणांना मांडवापर्यंत पोचूच दिलं नाही. गाडीत बसवून ठाण्यात नेलं, मोबाइल काढून घेतले. पोलीस कायद्याच्या 68 प्रमाणे ताब्यात, 69 प्रमाणे सुटका. सुटका झाली तेव्हा तुमचं जेवण चालू होतं म्हणे. महिला पोलीस मात्र चांगल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने हळूच सांगितलं की तिचा चुलताही असाच गेला.

माय त्या दिवशी पहाटेच्या एसटीने आली होती. अर्ध्या तिकिटात, त्याबद्दल सरकारचे आभार, ते मानायचे राहायला नकोत. माझ्या वर्गमैत्रिणीच्या आईशेजारी ती बसली. मी आत कुठेतरी रांगेत असेन असं तिला वाटत होतं. स्टेजवरचा माणूस कोण ते तिला ठाऊक नव्हतं, व्हिडिओ आम्ही तिला कधी दाखवलाच नव्हता. विचार बदला, गरिबी डोक्यात असते, असं काहीसं ते बोलले म्हणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या. मग माझं नाव पुकारलं आणि माइकवरून 'अनुपस्थित' म्हणून पुढचं नाव घेतलं. तो माणूस कोण होता हे तिला रात्री गावात गेल्यावर कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी फोनवर नीट बोलत नाही. मला आधी का नाही सांगितलंस, एवढंच म्हणते. यावर काय उत्तर द्यायचं ते तुमच्या पीएंना विचारून कळवा.

संस्थेचं म्हणणं असं की पाहुण्यांनाही विचारस्वातंत्र्य आहे. आहे ना! त्यांना आमच्या विभागात बोलवा, शेतीचं अर्थकारण या विषयावर दोन तास बोलू द्या, पुढे दोन तास आम्ही प्रश्न विचारू. मी स्वतः खुर्च्या लावते. पण पदवीदानाच्या भाषणाला प्रश्नोत्तरं नसतात. तिथे पाहुणा बोलतो, आम्ही उपरणं घालून ऐकतो आणि त्याच्याच हातून प्रमाणपत्र घेताना फोटोला हसतो. तो मान असतो, चर्चा नसते. मान कुणाला द्यायचा हे ज्यांच्या पदव्या आहेत त्यांना कधीच विचारायचं नाही का?

आम्ही काही जगावेगळं करत नव्हतो. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात 2014 साली इराक युद्धावरून विद्यार्थी-प्राध्यापकांनी विरोध केला, तेव्हा माजी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलिझा राइस यांनी स्वतःहून भाषण सोडलं. 2017 मध्ये नोत्र दाम विद्यापीठात उपाध्यक्ष माइक पेन्स बोलायला उभे राहिल्यावर शंभरेक पदवीधर उठून बाहेर गेले. त्यांनी भाषण पुरं केलं, आकाश कोसळलं नाही. आपल्याकडे 2014 च्या डिसेंबरात जादवपूर विद्यापीठाच्या समारंभात एका विद्यार्थिनीने राज्यपालांच्या हातून पदक घ्यायला नकार दिला, आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या कुलगुरूंना जावं लागलं. आमच्याकडे मोजे तपासतात.

दर 17 सप्टेंबरला तुम्ही झेंडावंदनाला येता आणि मुक्तिसंग्रामातल्या विद्यार्थ्यांच्या त्यागावर बोलता. मी शाळेत असल्यापासून हे भाषण ऐकते आहे, मंत्री बदलतात, भाषण बदलत नाही. 1938 मध्ये 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठाने पोरांना काढून टाकलं, औरंगाबादच्या कॉलेजातही तेच झालं, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. शिस्तभंगच होता तो, निजामाच्या लेखी. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात पोरंच रस्त्यावर होती. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा, नामांतराचा, ठराव 27 जुलै 1978 ला झाला आणि नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. मधल्या साडेपंधरा वर्षांत गावोगाव दलितांची घरं जळाली, माणसं मेली. तेव्हा विद्यार्थी दोन्ही बाजूंना होते, हेही खरं आहे, त्यामुळे विद्यार्थी म्हणजे आपोआप शहाणे असं मी म्हणणार नाही. पण या मातीतल्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनांवर ज्यांची अर्धी भाषणं उभी आहेत, त्यांना पाठ करून उभी राहिलेली चाळीस पोरं सोसत नाहीत, याची गंमत वाटते.

निवेदन द्यायला तुम्ही झुंडीने का आलात, प्रतिनिधी पाठवायचे, असंही तुम्ही विश्रामगृहावर म्हणाला होतात. कोणते प्रतिनिधी? 1994 च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या थेट निवडणुका गेल्या. 2016 च्या कायद्याने परत आणल्या, कागदावर. 2019 मध्ये वेळापत्रक निघालं आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर आहे म्हणून पुढे ढकललं. त्यानंतर विधानसभेच्या दोन निवडणुका झाल्या, तुम्ही निवडून आलात, मंत्री झालात, आमची निवडणूक अजून पुढेच आहे. अठराव्या वर्षी आम्ही तुम्हाला निवडायला लायक, वर्गाचा प्रतिनिधी निवडायला नालायक. कॉलेजात आमच्या बाजूने बोलणारं दुसरं कोण आहे? ज्या सरांनी आम्हाला अर्थशास्त्र शिकवलं ते तासिका तत्त्वावर आहेत, चार-चार महिने पैसे होत नाहीत. त्या दिवशी त्यांनाच आमच्यावर लक्ष ठेवायला गेटवर उभं केलं होतं. ते आमच्याकडे बघत नव्हते. त्यांचा राग येत नाही, पुढच्या जूनला त्यांना पुन्हा तास मिळायचे आहेत.

त्या मांडवाला, ढोलपथकाला आणि पाहुण्यांच्या सरबराईला आठ-दहा लाख गेले असं ऑफिसातले लोक सांगतात. खोटं असेल तर संस्थेने हिशेब लावावा. आम्ही भरलेल्या समारंभ शुल्काच्या पावत्या मात्र आमच्याकडे आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये अख्खं मंत्रिमंडळ छत्रपती संभाजीनगरला आलं आणि 45 हजार कोटींहून जास्तीचं पॅकेज जाहीर झालं, पेपरात पानभर जाहिराती आल्या. त्यातलं आमच्या गावात काय आलं ते मी सरपंचांना विचारलं, ते म्हणाले, जाहिरात आली. तुमच्याकडे कोटी मोजायला माणसं आहेत, मेलेल्याला पात्र-अपात्र ठरवायला माणसं आहेत, ओढणीचा रंग बघायला माणसं आहेत. एक प्रमाणपत्र कपाटातून काढून द्यायला नाही.

मला ते पदवी प्रमाणपत्र हवं आहे. पुढच्या महिन्यात नोकरीच्या कागदपत्र पडताळणीला मूळ प्रत लागते, प्रोव्हिजनल चालणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2008 च्या विनियमाप्रमाणे पात्र ठरल्यापासून 180 दिवसांत पदवी द्यायची असते. पाठ फिरवणाऱ्यांना वगळून, असं त्यात मला कुठे सापडलं नाही. नोटिसा मागे घ्यायला लावा, सगळ्यांच्या, एकट्या माझी नको. माफीनामा मी लिहिणार नाही. आणि अण्णांची फाइल समितीपुढे पुन्हा ठेवा. पैशासाठी म्हणत नाही, पैसे नका देऊ हवं तर, त्या कागदावरचा 'अपात्र' खोडून द्या. ही मागणी कुठल्या खात्यात बसते ते मला कळत नाही, पालकमंत्र्यांच्या कक्षेत येत असेल असा आपला एक अंदाज.

पुढच्या पंधरवड्यात मुलींच्या वसतिगृहाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन तुमच्या हस्ते आहे, बसस्टँडपासून बॅनर लागलेत. प्रमाणपत्रं तोवर मिळाली नाहीत तर आम्ही तिथे येऊ, आणि या वेळी काळं काहीही घातलेलं नसेल. पोलिसांना तेवढं आधी कळवून ठेवा, म्हणजे नोटिसा आदल्या रात्री वाटत फिरावं लागणार नाही.

आपली,
एम.ए. (अर्थशास्त्र), पदवी प्रलंबित